बाध

पहाटेचे दोन चाळीस. केटरिंगच्या कोठडीत
दिवे रात्र मानत नाहीत.
काउंटरपलीकडे सार्जंट ब्रॅमली,
अलीकडे शीतल चौगुले, मिरजेचा, वय चौतीस.
काम: वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं.
तक्रार: अंगठी.
फॉर्मवर आधी 'स्त्री' लिहिलं होतं, नावावरून.
मग खोडलं.
पट्टा, बुटांच्या नाड्या, फोन पारदर्शक पिशवीत.
मी दोघांच्या मधे. मला इथे नाव नाही,
मी दुभाषी.

सार्जंट म्हणतो, मी म्हणते:
तुम्ही काहीही बोलायला बांधील नाही.
पण विचारल्यावर जे सांगितलं नाहीत
आणि पुढे कोर्टात त्याचाच आधार घेतलात,
तर तुमच्या बचावाला बाध येऊ शकतो.
जे बोलाल ते पुरावा म्हणून मांडलं जाऊ शकतं.

नऊ वर्षं हे पाठ आहे.
'बाध'वर यायला एक अख्खा हिवाळा गेला.
'नुकसान' म्हटलं की लोकांना पैसे आठवतात,
'धोका' म्हटलं की मार.

शीतल विचारतो, म्हणजे बोलू की नको?
प्रश्न मी जसाच्या तसा पलीकडे ठेवते.
सार्जंट तेच वाक्य पुन्हा वाचतो.
माझ्या जिभेवर आईची म्हण येऊन थांबते:
बोलणाऱ्याचे हुलगे विकतात,
न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत.
यावर वाढलेल्या माणसाला
गप्प बसणं हक्क आहे, कबुली नव्हे,
हे कुठल्या क्रियापदाने सांगायचं?
आणि सांगणारी मी कोण.

वकील मिळेल. फुकट.
"फुकट म्हणजे यांचाच असणार," तो कुजबुजतो,
आपल्यात बोलल्यासारखा.
इथे 'आपल्यात' काही नसतं.
मी ते मोठ्याने इंग्रजीत सांगते
आणि त्याच्या डोळ्यांत फितूर होते.
सार्जंट म्हणतो, मी म्हणते:
पैसा सरकारचा, माणूस तुमचा.
बराच वेळ जातो. "बोलवा मग."

कुणाला कळवायचंय?
मिरजेत आठ वाजून गेलेत,
कुणीतरी मुलीची वेणी घालत असेल.
"नको." तेही त्याच्या हक्कातच. टिक.

मग जेवण. भाज्यांचा पास्ता, वाफाळता.
तो मान हलवतो.
सार्जंट टाइप करतो: नाकारलं.

डिसेंबर. इथे सूर्य चारच्या आत जातो.
चौगुले, मिरज. म्हणजे दुपारपासून हा माणूस
पण तो बोलला नाही,
आणि तो जे बोलला नाही ते मला बोलता येत नाही.
करारात आहे, तिसऱ्या पानावर, खाली माझी सही.
गप्प राहण्याचा हक्क त्याचा.
माझं नुसतंच गप्प राहणं.

पास्त्यावर साय धरायला लागली
तेव्हा मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"दुभाषीला एक खुलासा हवा आहे."
एवढी एक फट नियमात आहे.
दोन्ही भाषांत विचारलं,
न जेवण्याला काही धार्मिक कारण?
शीतलने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
"अंधार पडल्यावर खात नाही."
सार्जंटने स्क्रीनवर काहीतरी शोधलं,
एक शब्द खोडला, लिहिलं:
सूर्योदय आठ नऊ. त्यानंतर देणे.

साडेनऊला मिसेस ओयेलारन आली,
कोट ओला, दाराआड पाऊण तास.
मग रेकॉर्डिंग.
एकतीस प्रश्न.
एकतीस वेळा तो म्हणाला, मला काही बोलायचं नाही.
एकतीस वेळा मी म्हणाले, प्रथमपुरुषी, एकवचनी,
पंधराव्याच्या पुढेमागे कधीतरी
माझा घसा खरंच बसला.

अंगठी त्याने घेतली का, मला माहीत नाही.
टोस्ट खाल्ले. दोन. आठ वीसला.
ते नोंदीत आहे.